आपल्या आवडीचा, की निवडून येणारा?

अमेरिकेतल्या अध्यक्षीय प्रायमरीबद्दल, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानाबद्दल, वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. नियम आणि मुदती राज्यागणिक वेगळ्या असतात आणि पक्षही दर चार वर्षांनी त्यांत फेरफार करतात. त्यामुळे उत्तरात जिथे वर्ष दिलं आहे, तिथे तो त्या वर्षाचा नियम समजावा.

प्रश्न : मला एक उमेदवार मनापासून पटतो, पण घरी-दारी सगळे म्हणतात, "तो काही निवडून यायचा नाही, मत वाया घालवू नकोस." नोव्हेंबरमध्ये जिंकेल अशालाच प्रायमरीत मत द्यावं का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

कोण जिंकू शकेल हे ओळखण्यात मतदार चुकतात, तसे ज्यांचा हा धंदा आहे तेही चुकतात. २००७ च्या उन्हाळ्यात जॉन मॅकेन यांच्या प्रचाराची तिजोरी रिकामी होत आली होती, माणसं कमी करावी लागली होती. रिपब्लिकन पक्षात राष्ट्रीय मतचाचण्यांत रुडी जुलियानी पुढे होते. त्यांनी सुरुवातीची राज्यं जवळपास सोडून दिली आणि सगळा डाव फ्लोरिडावर लावला. २९ जानेवारी २००८ ला तिथे ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅकेन यांनाच पाठिंबा जाहीर केला. २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते. ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकाच दिवशी होणाऱ्या मतदानात, १४ पैकी १० राज्यं त्यांनी घेतली.

म्हणून "निवडून येईल का" हा निकष दोघं सारखेच पटत असतील तेव्हा वापरावा. एक पटतो आणि दुसरा पटत नाही, तिथे नको. शेजाऱ्याला कोण चालेल याचा अंदाज बांधून तुम्ही मत देता, शेजारी तुमचा अंदाज बांधून देतो, आणि दोघांच्याही मनातला उमेदवार मागे पडतो.

तुमच्या राज्यात आणखी एक गोष्ट आहे. न्यू जर्सीची प्रायमरी साधारण जूनमध्ये असते आणि तोवर शर्यत बहुतेक वेळा संपलेली असते. २०१६ मध्ये तिथलं मतदान ७ जूनला होतं. हिलरी क्लिंटन यांनी उमेदवारीसाठी आवश्यक प्रतिनिधींचा आकडा गाठल्याचं असोसिएटेड प्रेसने ६ जूनच्या संध्याकाळीच जाहीर केलं. अशा वेळी वाया जाण्याची भीती कसली? बेलाशक आवडीच्या माणसाला मत द्या. त्याच मतपत्रिकेवर काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) यांच्या जागा असतात, तिकडे जास्त लक्ष द्या. एकाच पक्षाचं वर्चस्व असलेल्या भागात त्या जागांचा खरा निकाल प्रायमरीतच लागतो.

प्रश्न : १५ टक्क्यांची अट म्हणजे नक्की काय? आमच्या उमेदवाराला राज्यात १४ टक्के मतं पडली तर हाती काहीच लागत नाही का? (एक वाचक, सान होजे)

ही अट डेमोक्रॅटिक पक्षाची आहे आणि खरी हिशेबाची जागा इथेच आहे. प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींचे, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या डेलिगेट्सचे, ढोबळ दोन वाटे पडतात : काही संपूर्ण राज्याच्या निकालावर आणि जास्त मोठा हिस्सा काँग्रेसच्या एकेका मतदारसंघाच्या निकालावर. १५ टक्क्यांची अट दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागते. राज्यात १४ टक्के असले तरी एखाद्या मतदारसंघात १७ असतील, तर तिथला वाटा मिळतो. २०२४ मध्ये मिशिगनमध्ये हेच घडलं. बायडन यांच्यावर नाराज असलेल्या एक लाखाहून जास्त मतदारांनी 'अनकमिटेड' (कुणालाच बांधील नाही) हा पर्याय निवडला. राज्यभरात तो सुमारे १३ टक्के, म्हणजे अटीच्या खाली होता. पण ॲन आर्बर आणि डिअरबॉर्न ज्यांत येतात त्या दोन मतदारसंघांत त्याने १५ चा टप्पा ओलांडला आणि दोन प्रतिनिधी मिळवले.

आता वाटप कसं होतं ते पाहा. समजा पाच उमेदवारांना ४०, २५, १४, १२ आणि ९ टक्के मतं पडली. शेवटचे तिघे अटीत बसत नाहीत, त्यांची मिळून ३५ टक्के मतं हिशेबातून बाहेर जातात. उरलेल्या ६५ मध्ये ४० वाल्याचा वाटा होतो ६१.५ टक्के आणि २५ वाल्याचा ३८.५. म्हणजे चाळीस टक्क्यांवर साठ टक्क्यांहून अधिक प्रतिनिधी. मैदानात गर्दी जितकी जास्त, तितका पहिल्या नंबरचा फुगवटा मोठा. मधले उमेदवार माघार घेईनासे झाले की पक्षातली मंडळी अस्वस्थ होतात, ती यामुळेच.

मतदारसंघात किती जागा आहेत यावरही खेळ ठरतो. दोघांतच लढत असेल आणि जागा चार असतील, तर २-२ ऐवजी ३-१ करायला पहिल्याला ६२.५ टक्के लागतात. ५५ मिळाले काय आणि ६१ मिळाले काय, वाटणी निम्मी-निम्मीच. जागा तीन असतील तर निम्म्याहून एक मत जास्त पडलं तरी २-१. पाच असतील तर त्याच एका मताने ३-२, पण ४-१ साठी थेट ७० टक्के. म्हणून प्रचारवाले विषम जागांच्या मतदारसंघात जास्त खेपा मारतात. २००८ मध्ये नेवाडाच्या कॉकसमध्ये (प्रायमरीऐवजी पक्षाच्या स्थानिक सभांत होणारी निवड) एकूण पाठिंबा क्लिंटन यांना जास्त मिळाला, तरी त्या निकालातून निघणारे प्रतिनिधी ओबामांचे १३ आणि क्लिंटन यांचे १२ झाले. क्लिंटन यांचा जोर लास व्हेगास परिसरात एकवटला होता, ओबामांचा राज्याच्या उरलेल्या भागात पसरलेला होता.

तेव्हा मत वाया जाणार का हे पाहायचं असेल, तर आपल्या राज्याचा आणि जमल्यास आपल्या मतदारसंघाचा अंदाज पाहा. उमेदवार १२ ते १८ च्या पट्ट्यात असेल तर तुमच्या मताची किंमत सर्वांत जास्त. ३ टक्क्यांवर असेल तर ते मत निषेधाचं किंवा निष्ठेचं. प्रतिनिधी त्यातून निघणार नाही. ते द्यायचं तर जाणून-बुजून द्यावं.

प्रश्न : राष्ट्रीय मतचाचणीत जो पुढे, तोच जिंकणार असं धरून चालावं का? (एक वाचक, शिकागो)

नाही. राष्ट्रीय प्रायमरी नावाचा प्रकारच नाही. २००७ संपताना राष्ट्रीय चाचण्यांत क्लिंटन आघाडीवर होत्या. जानेवारीत आयोवात त्या ओबामा आणि जॉन एडवर्ड्स यांच्यामागे तिसऱ्या आल्या. त्यानंतर पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान होतं. तिथल्या चाचण्यांनी ओबामांना मोठी आघाडी दिली आणि जिंकल्या क्लिंटन. राज्याची चाचणीही चुकते ती अशी.

चाचणी वाचताना आधी नमुना बघा. मतदानाची शक्यता असलेल्या ४०० लोकांच्या चाचणीत १५ टक्क्यांवर असलेल्या उमेदवाराचा आकडा साडेतीन टक्के वर-खाली होऊ शकतो. म्हणजे १३ आणि १७ मध्ये फरक आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, आणि नेमकी अट मधोमध आहे. दुसरं, दोघांमधल्या आघाडीची चूक एकाच्या आकड्याच्या चुकीहून जास्त असते. आणि कॉकसला येतात किती? २०२४ मध्ये आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला जेमतेम एक लाख दहा हजार लोक आले. जानेवारीच्या थंडीत संध्याकाळी कोण घराबाहेर पडेल हे फोनवर विचारून कळणं अवघडच.

चाचण्यांपेक्षा पैशाचा अहवाल बरंच काही सांगतो. मोठ्या प्रचार समित्या निवडणुकीच्या वर्षात दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत फेडरल इलेक्शन कमिशनकडे हिशेब देतात आणि तो कुणालाही पाहता येतो. तीन आकडे पाहा : हातातली शिल्लक, देणी, आणि जमा रकमेतला किती भाग त्याच महिन्यात खर्च झाला. शिल्लक पाहताना एक खोच ध्यानात ठेवा. देणगीची मर्यादा प्रायमरी आणि नोव्हेंबरची निवडणूक यांसाठी वेगवेगळी असते (२०२३-२४ मध्ये प्रत्येकी ३,३०० डॉलर), आणि नोव्हेंबरसाठी दिलेला पैसा प्रायमरीत वापरता येत नाही. बड्या देणगीदारांवर चालणाऱ्या उमेदवाराची शिल्लक म्हणूनच कागदावर दिसते त्यापेक्षा कमी असते. नुसता पैसा मात्र पुरत नाही : मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये स्वतःचे ५० कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि पहिला क्रमांक मिळाला तो फक्त अमेरिकन समोआत.

प्रश्न : रिपब्लिकन पक्षात एक तृतीयांश मतांवर सगळे प्रतिनिधी कसे मिळतात? (एक वाचक, शार्लट)

कारण तिथे वाटपाची पद्धत बरीचशी राज्यांवर सोडलेली आहे. २०१६ आणि २०२४ मध्ये १५ मार्चच्या आधी होणाऱ्या प्रायमरींना प्रमाणशीर वाटप करणं भाग होतं, त्यानंतर 'जिंकेल त्याला सगळं' चालत होतं. साउथ कॅरोलायनासारख्या सुरुवातीच्या चार राज्यांना यातून सूट होती. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात राज्यात पहिला येणाऱ्याला २९ आणि सात मतदारसंघांत पहिला येणाऱ्याला प्रत्येकी ३ असे ५० प्रतिनिधी होते. डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली, पण ते राज्यात आणि सातही मतदारसंघांत पहिले. ५० च्या ५० त्यांचे. २०२४ मध्ये निकी हेली यांना त्याच राज्यात, त्यांच्या स्वतःच्या राज्यात, ३९.५ टक्के पडले आणि प्रतिनिधी मिळाले ३. मतं जास्त, पण समोर एकच माणूस होता.

रिपब्लिकन पक्षात काँग्रेसच्या प्रत्येक मतदारसंघाला तीन प्रतिनिधी ठरलेले असतात, तिथे पक्षाचे मतदार लाखभर असोत की पाच हजार. ज्या राज्यात मतदारसंघवार वाटप होतं, तिथे डेमोक्रॅटिक बालेकिल्ल्यातल्या रिपब्लिकन मतदाराचं एक मत त्यामुळे बरंच वजनदार ठरतं. कॅलिफोर्नियात २०१६ पर्यंत ही मजा होती. २०२४ मध्ये राज्यात ५० टक्क्यांहून जास्त घेणाऱ्याला सगळे १६९ देण्याचा नियम आला.

प्रश्न : कॅलिफोर्नियात 'कुठलाच पक्ष नाही' म्हणून नोंद केली होती. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाचा रकानाच नव्हता. चूक कुणाची? (एक वाचक, फ्रीमॉन्ट)

कुणाचीच नाही, पद्धतच तशी आहे. पक्ष न नोंदवलेल्या मतदाराला अध्यक्षीय रकाना नसलेली मतपत्रिका येते. २०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने अशा मतदारांना आपल्या प्रायमरीत मत द्यायची मुभा दिली होती, पण पक्षाची मतपत्रिका मागावी लागत होती. आलेली कोरी मतपत्रिका मतदान केंद्रावर परत करून तिथे बदलूनही मिळते. रिपब्लिकन उमेदवाराला मत द्यायचं तर पक्षाची नोंदच बदलावी लागते. आणि एक जुना सापळा : तिथे 'अमेरिकन इंडिपेंडंट' नावाचा एक खराखुरा पक्ष आहे. 'इंडिपेंडंट' शब्द पाहून अनेकांनी त्यावर खूण केली आहे आणि नकळत त्या पक्षाचे सदस्य झाले आहेत. राज्याच्या संकेतस्थळावर आपली नोंद आजच तपासा.

मुदत हुकते ती बंद प्रायमरीच्या राज्यांत, म्हणजे जिथे पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येतं. न्यूयॉर्कमध्ये १९ एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती. ट्रम्प यांच्या दोन मुलांनाही त्यामुळे वडिलांना मत देता आलं नाही.

प्रश्न : टेक्ससमध्ये पक्षाची नोंद नसते. मग समोरच्या पक्षाच्या प्रायमरीत जाऊन त्यांचा कच्चा उमेदवार का निवडू नये? (एक वाचक, प्लेनो)

कायद्याने आडकाठी नाही. पण एकाच पक्षाची मतपत्रिका मिळते. ती घेतली की आपल्या पक्षाचा काँग्रेसचा, न्यायाधीशपदाचा, शेरीफचा उमेदवार निवडण्याचा हक्क त्या वर्षापुरता गेला, आणि त्या जागांची फेरलढत झाली तर तिथेही मत समोरच्याच पक्षात देता येतं. शिवाय कच्चा वाटलेला उमेदवार नोव्हेंबरमध्ये जिंकला तर काय, याचं उत्तर तयार ठेवा.

प्रश्न : टपालाने मत पाठवून झालं आणि आठवड्यात उमेदवाराने माघार घेतली. आता? (एक वाचिका, साक्रामेंटो)

बहुतेक राज्यांत पाठवलेलं मत परत घेता येत नाही. २०२० मध्ये पीट बुटिजज यांनी रविवारी आणि एमी क्लोबुशार यांनी सोमवारी माघार घेतली, मंगळवारी सुपर ट्यूजडे होता. कॅलिफोर्नियातलं टपाली मतदान फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून चालू होतं. नावं मतपत्रिकेवर राहिली, मतं मोजली गेली, पण उपयोग शून्याच्या जवळ. मैदानात चारपाच जण असतील तर पाकीट घरी ठेवा, आधीच्या राज्याचा निकाल येऊ द्या आणि मग ड्रॉप बॉक्समध्ये टाका किंवा केंद्रावर नेऊन द्या. पाकीट अजून घरात असेल आणि खूण करून झाली असेल, तर काउंटी कार्यालयातून बदली मतपत्रिका मागता येते.

प्रश्न : २०२४ मध्ये आम्ही बायडन यांना मत दिलं आणि उमेदवार झाल्या कमला हॅरिस. हे कसं चालतं? (एक वाचक, अटलांटा)

प्रायमरीत तुम्ही थेट उमेदवार ठरवत नाही, अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरवता. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा त्यांचे सुमारे ३,९०० प्रतिनिधी मोकळे झाले. त्यांनी ऑनलाइन मतदान करून हॅरिस यांना उमेदवारी दिली. नियमात बसणारं होतं. मतदाराला ते रुचलं की नाही हा वेगळा मुद्दा.

प्रश्न : माझ्याकडे एच-१बी व्हिसा आहे, पत्नी नागरिक आहे. मला मत नाही, पण देणगी देता येईल का? प्रचाराला गेलो तर चालेल? (एक वाचक, सिएटल)

देणगी नाही. ग्रीन कार्डधारकाला ती देता येते, व्हिसावर असलेल्याला नाही. मत मात्र दोघांनाही नाही, आणि चुकून नोंदणी करून मत दिलं तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो. गाडीचा परवाना काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत 'हो' करू नका. पत्नी स्वतःच्या पैशांतून स्वतःच्या नावाने देऊ शकते, पण पैसे तुमचे आणि नाव तिचं, हे बेकायदा आहे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करायला, पत्रकं वाटायला हरकत नाही. प्रचाराचे किंवा पैशाचे निर्णय जिथे होतात त्या बैठकीत मात्र मत मांडू नका.