फोटॉन वायूचा, म्हणजे बंद जागेत कोंडलेल्या प्रकाशकणांचा, रासायनिक विभव (एक कण वाढला की मुक्त ऊर्जा किती बदलते ते) शून्य का धरतात?

कारण फोटॉनची संख्या टिकून राहत नाही. डब्यात हेलियम कोंडला तर तापवा नाहीतर गार करा, अणू तेवढेच. बंद, रिकाम्या भट्टीचं तसं नाही. भिंती सतत फोटॉन सोडतात आणि गिळतात. किती असावेत हे एकटं तापमान ठरवतं. ३०० केल्व्हिनला दर घनसेंटिमीटरमागे साधारण ५५ कोटी, ६०० ला त्याच्या आठपट. समतोलात मुक्त ऊर्जा (ठरलेल्या तापमानाला कामासाठी मिळू शकणारी ऊर्जा) किमान असते, म्हणजे एखादा फोटॉन वाढला-घटला तरी ती बदलत नाही. हा बदल म्हणजेच रासायनिक विभव, म्हणून शून्य.

सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्यात प्लांकचं सूत्र (तापलेल्या भट्टीतल्या प्रकाशाची ऊर्जा कशी वाटली जाते ते सांगणारं) काढलं तेव्हा फोटॉनच्या एकूण संख्येवर अटच घातली नव्हती, फक्त ऊर्जेवर.

एलईडीच्या प्रकाशाला मात्र हा शून्य सरसकट लावू नका. तिथे व्होल्टेजमुळे फोटॉनना रासायनिक विभव येतो.