पर्यायी उपचारांबद्दल कॅन्सरच्या रुग्णाशी बोलताना

रुग्णाशी हे कसं बोलायचं ते तुम्ही शिकून घेताय, फार बरं वाटलं. पहिल्या भेटीतच सरळ विचारा: "केमोशिवाय आणखी काही घेताय का? काढा, चूर्ण, व्हिटॅमिनच्या गोळ्या, काहीही?" नुसतं "इतर औषधं?" विचारलं की बरेच जण वनस्पतींची औषधं त्यात धरतच नाहीत.

सुरुवातीला दोन चुका हमखास होतात:
- ऐकताक्षणी "बंद करा" म्हणणं. मग रुग्ण पुढच्या वेळी सांगतच नाही.
- "नैसर्गिक आहे, चालेल" म्हणणं. उदाहरणार्थ, सेंट जॉन्स वॉर्ट या औषधी वनस्पतीमुळे इमॅटिनिब या कॅन्सरवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं.

डबा किंवा पाकीट आणायला सांगा, नाव आणि मात्रा लिहून घ्या, फार्मासिस्टला दाखवा. ध्यान, हलका योग यांना बहुधा मोकळेपणाने पाठिंबा देता येतो. मूळ उपचार सोडायचा विचार जाणवला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.