एमए सायकॉलॉजीसाठी सीट बुक करण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की तुर्भ्याला अकाउंट्समध्ये नऊ वर्षं झाली, आता समुपदेशनाकडे वळायचंय, आणि ठाणे स्टेशनजवळचं एक सेंटर घरबसल्या एमए सायकॉलॉजी करून देतो म्हणतंय. "मागच्या सत्रात बसवतो, शनिवारपर्यंत पाच हजार भरा." हे वाचून राहवलं नाही. कृपा करून भरू नका.

मीही अकाउंट्सचीच. कळव्याहून रबाळ्याला नोकरी, आणि २०१४ साली अशाच एका सेंटरमध्ये प्रवेश घेतला. विद्यापीठ परराज्यातलं. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये मान्यतेचं पत्र, खाली जांभळा गोल शिक्का. मी विद्यापीठाचं नाव वाचलं, शिक्का बघितला आणि दोन हप्त्यांत अडतीस हजार भरले. तारीख तेवढी वाचली नाही. पत्र २०१० चं होतं, डीईसीचं. ती दूरशिक्षण परिषद २०१३ मध्येच बरखास्त होऊन काम यूजीसीकडे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, गेलं होतं. शिवाय राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी सेंटरं चालवताच येत नाहीत. पावतीही कुठल्याशा ट्रस्टच्या नावाची. हे सगळं कळलं दोन वर्षांनी, एका डिप्लोमाच्या प्रवेशाला गेले आणि खिडकीतल्या बाईंनी माझी मार्कशीट परत सरकवली तेव्हा.

विद्यापीठाला सहा पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, "संबंधित केंद्राशी संपर्क साधावा." शेवटी रजा टाकून रात्रीच्या गाडीने तिथे गेले. कारकुनासमोर माझीच फाइल उघडी, माझा फोटो स्टेपल केलेला. म्हणाले, "नोंद आहे, पण त्या वर्षी हा कोर्स मंजूर नव्हता." एवढंच लिहून द्या म्हटलं, तर पेन खाली ठेवलं. पैसे गेल्याचं दुःख कमी झालंय, पण ते खाली ठेवलेलं पेन आजही डोळ्यांसमोर येतं. दोन वर्षं रात्री जागून अभ्यास केला होता हो!

विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. पण मान्यता त्या कोर्सला, त्या पद्धतीला आणि त्या वर्षाला लागते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर हे तपासता येतं. तुमच्या बाबतीत तर उत्तर सरळ आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशच बंद केलेत. 'मागच्या सत्रात बसवतो' म्हणजे बंदीआधीचा प्रवेश दाखवतो, हे आता लक्षात आलं असेल.

मी नंतर इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठातून सायकॉलॉजीत एमए केलं, तेव्हा ते करता येत होतं. प्रॅक्टिकल आणि दुसऱ्या वर्षीच्या इंटर्नशिपमध्ये साठवलेल्या सगळ्या रजा संपल्या. आता नियमित कॉलेजच बघावं लागेल, म्हणून वेळापत्रक आधी मागा आणि मग साहेबांशी बोला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, सुचवणारे भेटतील, पण त्यात फील्डवर्क असतं, आठवड्यातले कामाचे दिवस जातात. माझं मत विचाराल तर एमएला हात घालण्याआधी नक्की कुठे काम करायचंय ते ठरवा. शाळेत जायचं असेल तर सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो, मी आता अशाच एका शाळेत आहे. त्यांच्या जाहिरातींत काय पात्रता मागतात ते वाचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते आणि ती साध्या एमएवर मिळत नाही, हे कोणतंही सेंटर सांगणार नाही. अर्थात मी काही करिअर सल्लागार नाही, नियमही बदलत असतात, प्रवेशाच्या वेळी स्वतः तपासाच. पण हातची नोकरी लगेच सोडू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगते.

अजून एक, विषय निघाला म्हणून. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पदवीवरचं आणि आधारवरचं नाव आधी जुळवून घ्या. माझी नावबदलाची गॅझेटमधली नोंद ऐन प्रवेशाच्या वेळी करावी लागली, त्यात बरीच धावपळ झाली.

आणि त्या सेंटरने 'तपासणीसाठी' म्हणून तुमची मूळ पदवी ठेवून घेतली असेल, तर ती उद्याच जाऊन परत आणा. एकट्या जाऊ नका, घरातलं कोणीतरी सोबत न्या.