फॅनफिक्शन लिहितेस ना, मग एवढं बघ

फॅनफिक्शन म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली आवडती पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली नवी कथा. "हे काही खरं लेखन नव्हे" असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नकोस. शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहिली, त्यातला कर्ण तरी कुठे त्यांनी निर्माण केला होता?

पण एक मेख आहे. तुझ्या वाचकाचा त्या पात्रांवर आधीच जीव जडलेला असतो. त्यामुळे 'तो दारात थांबला, काहीच बोलला नाही' एवढ्यावरही त्याचे डोळे भरून येतात. ती कमाई मूळ लेखकाची. तीच कथा, मूळ कादंबरी न वाचलेल्या मैत्रिणीला दे. तिलाही काही जाणवलं, तर ते श्रेय तुझं. व्यावसायिक कादंबरीकाराला ही ओढ पहिल्या पानापासून स्वतः लावावी लागते. शिवाय त्याच्या मागे संपादक कात्री घेऊन उभा असतो (निदान असावा). तुला तो नाही, म्हणून 'पुढचा भाग कधी?' या कौतुकाला भुलू नकोस. मधे कथा रेंगाळली हे तोंडावर सांगणारा एक वाचक गाठ.

संवादाच्या बाबतीत मात्र तूच फायद्यात. पात्राच्या तोंडी एक शब्द जरी परका आला, तरी चाहते लगेच पकडतात. नव्या पात्राच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.