भरल्या भाज्या एकाच कढईत शिजवताना

प्रश्न : मे महिन्यात माहेरची मंडळी आमच्याकडे राहायला येतात. आठ जणांच्या जेवणासाठी मी वांगी, कांदे, ढोबळी मिरची आणि भेंडी यांत चिंचगुळाचे एकच सारण भरून सर्व भाज्या एकत्र शिजवते. परंतु वांगी मोडतात, कांदे कच्चे राहतात, मिरचीतील सारण बाहेर येते आणि भेंडी चिकट होते. काय करावे?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : या चारही भाज्यांना सुटणारे पाणी आणि शिजायला लागणारा वेळ वेगवेगळा आहे. त्यामुळे सारण एकाच पद्धतीचे केले, तरी त्याचा ओलेपणा आणि प्रत्येक भाजी कढईत घालण्याची वेळ बदलावी लागते.

दोन वाट्या दाण्याचे जाडसर कूट, वाटीभर भाजलेले सुके खोबरे, पाव वाटी भाजलेले तीळ, गोडा मसाला, तिखट, मीठ आणि कोथिंबीर एकत्र करून त्याचे दोन भाग करावेत. एका भागात किसलेला गूळ, थोडे तेल आणि सारण मुठीत वळेल इतकेच पाणी घालावे. हा भाग वांग्यांसाठी आणि कांद्यांसाठी. दुसऱ्या भागात अर्धी वाटी खमंग भाजलेले बेसन मिसळावे. मिरचीला सुटलेले पाणी बेसन शोषून घेते व शिजताना घट्ट होते, त्यामुळे सारण जागेवर राहते; मात्र मिरची काठोकाठ भरू नये.

चिंच सारणात अजिबात घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आंबटपणामुळे भाजी मऊ होण्यास वेळ लागतो आणि कांदे कच्चे राहण्याचे एक कारण बहुधा हेच असावे. लहान कांदे सोलून, चार छेद देऊन, भरण्यापूर्वी झाकण ठेवून तेलात अर्धवट शिजवून घ्यावेत. मग जाड बुडाच्या कढईत हिंग-मोहरी-हळदीची फोडणी करून भरलेले कांदे आधी ठेवावेत, काही मिनिटांनी वांगी आणि वांगी निम्मी शिजल्यावर सर्वांत वर मिरच्या लावाव्यात. कढईवरील ताटात पाणी ठेवून मंद आच राखावी, डाव न फिरवता कढईच हलवावी आणि वांग्यात सुरी सहज शिरू लागली की चिंचेचा कोळ व उरलेले ओले सारण गरम पाण्यात कालवून कडेने सोडावे. रश्शाला एक उकळी पुरे.

वांगी घेताना लहान, एकसारखी, ताणलेल्या चकचकीत सालीची निवडावीत आणि देठ ठेवूनच चिरावीत. चिरल्यावर ती मिठाच्या पाण्यात ठेवली, तर काळी पडत नाहीत.

भेंडी या कढईत घालूच नये. ती धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरावी, कारण ओल राहिली की चिकटपणा वाढतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती ओल लवकर जात नाही. बेसनाच्या सारणात थोडा आमचूर घालून भेंडी भरावी आणि पसरट तव्यावर झाकण न ठेवता परतावी.

मंडळी येण्याआधी सारण करून ठेवायचे असेल, तर कोथिंबीर व गूळ न घालता कोरडे मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावे. ओले खोबरे मात्र आदल्या दिवशी मिसळू नये. नवी मुंबईच्या उन्हाळ्यात ते फार लवकर आंबते.