वर्दी मिळाल्यावर… : फायर ब्रिगेडबद्दल वाचकांचे प्रश्न

१४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, त्यानिमित्त मुंबई फायर ब्रिगेडबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि भरपूर पत्रं, मेल आल्या. सगळं छापणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय. मी स्वतः ब्रिगेडमधून रिटायर झालोय त्यामुळे जरा तळमळीने लिहिलं गेलं असेल तर समजून घ्या.

प्रश्न : टीव्हीवर ‘लेव्हल दोनची आग’, ‘लेव्हल तीनची आग’ असं सांगतात. हे कोण ठरवतं? (वाचक, विलेपार्ले)

जागेवर पोचलेला अधिकारी ठरवतो. वर्दी, म्हणजे आगीची किंवा अपघाताची खबर, आली की जवळच्या फायर स्टेशनच्या गाड्या निघतात, मग तिथला साहेब बघतो काय जळतंय, किती पसरलंय, वर कोणी अडकलंय का, आणि वायरलेसवरून कंट्रोल रूमला लेव्हल कळवतो. एक, दोन, तीन, चार अशी ती चढत जाते आणि त्याच्याही वर ब्रिगेड कॉल, म्हणजे सगळ्यात मोठी. लेव्हल चढली की बंब, जम्बो टँकर, शिडीच्या गाड्या आणि वरिष्ठ अधिकारी वाढतात, म्हणजे हा आकडा खरं तर मदत किती लागणार त्याचा आहे. त्यामुळे ‘दोनची तीन झाली’ असं ऐकून लगेच घाबरू नका, पुष्कळदा अधिकारी पुढचा धोका ओळखून आधीच कुमक मागवून ठेवतो, आणि तेच बरोबर आहे.

प्रश्न : आमची १६ मजली बिल्डिंग आहे, लाल पाइप, पेट्या सगळं आहे, बिल्डरने फायरची एनओसीही घेतलेली. तरी दर सहा महिन्यांनी एजन्सीला पैसे द्यायचे म्हणतात. हे खरंच लागतं का? (सोसायटीच्या सेक्रेटरी, कांदिवली)

ताई, लागतं, आणि नुसतं कागदासाठी नाही लागत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे बिल्डिंगमधली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा तिथे राहणाऱ्यांची आहे, म्हणजे बिल्डर गेला की सोसायटीची. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, फॉर्म ‘बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. एनओसी म्हणजे त्या दिवशी सगळं ठीक होतं एवढंच, आज काय अवस्था आहे ते ती सांगत नाही.

आता हे का, ते सांगतो. लोकांना वाटतं शिडी येईल आणि बाहेरून पाणी मारतील. मुंबईकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे हे खरं, पण ती गाडी प्रचंड मोठी, ती आत यायला पाहिजे, वळायला पाहिजे, पाय पसरून उभी राहायला मोकळी पक्की जागा पाहिजे. आणि शिडी लागली तरी खिडकीतून आतल्या खोलीपर्यंत पाणी नीट पोचत नाही. म्हणून वरच्या मजल्याची आग आतूनच विझवतात, जवान पाठीवर बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं हवेचं सिलिंडर) घेऊन खांद्यावर होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, टाकून जिन्याने चढतात आणि तुमच्या मजल्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे लाल पाइपाच्या नळाला, होज जोडतात. तिथे व्हॉल्व्ह फिरवला आणि पाणीच आलं नाही तर? खालून वरपर्यंत होज ओढत न्यायची, त्यात किती वेळ जातो विचार करा, आणि बीए सेटमधली हवा मोजकी असते हो.

मी किती सोसायट्यांच्या लाल पेट्या उघडून बघितल्यात, आत झाडू, चपला, जुनी वर्तमानपत्रं. होजच्या टोकाला लावायची पितळी ब्रांच (धार सोडायची तोटी) गायब, कारण ती भंगारात विकली जाते. पण सगळ्यात मोठा घोळ पंपरूममध्ये असतो आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही. पाइपातलं प्रेशर टिकवायला एक छोटा जॉकी पंप असतो, प्रेशर जरा उतरलं की तो आपोआप चालू होतो आणि जास्तच उतरलं तर मोठा पंप. आता लाइनीत कुठे गळती असली की हा जॉकी पंप रात्रभर चालू-बंद, चालू-बंद होत राहतो, तळमजल्यावरचे तक्रार करतात, मग कोणीतरी पॅनलवरचा स्विच ‘ऑटो’वरून काढून ‘ऑफ’ला टाकतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच. गळती काढायची सोडून पंप बंद! ताई, आज घरी गेलात की आधी पंपरूममध्ये जाऊन तो स्विच बघा. मग एखाद्या रविवारी सगळ्यात वरच्या मजल्यावरची होज रील उलगडून गच्चीत पाणी मारून बघा, धार जोरात आली पाहिजे. गेटजवळ ब्रिगेडचं इनलेट असतं, तिथून आमचा बंब तुमच्या पाइपात पाणी चढवतो, त्याच्यापुढे कुंड्या किंवा स्कूटर नको. एजन्सीवाला नुसती सही करून जात असेल तर त्याला हे सगळं तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा, तुम्ही पैसे देताय ते त्याचेच.

प्रश्न : आमची चाळ जुनी, जिने लाकडी, गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. बंब आत येईल का? (वाचक, गिरगाव)

मोठा बंब नाही येणार. छोटी गाडी पुढे पाठवून मोठी नाक्यावर लावून होज अंथरत आत यावं लागतं, म्हणजे वेळ जाणारच. जुन्या लाकडी इमारतीत धोका आगीइतकाच कोसळण्याचा असतो, लाकडी तुळया आतून जळत राहतात आणि बाहेरून काही कळत नाही. काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग आठवा, ९ मे २०१५. रहिवाशांना बाहेर काढलं होतं, आणि मग इमारत कोसळली. त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी आपण गमावले. एवढे वरिष्ठ लोक स्वतः पुढे उभे होते हे विसरू नका. तुम्ही चाळकऱ्यांनी एवढं करा की जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ कपाटं, गाद्या, रद्दी काही ठेवू नका, कारण चाळीत आग बऱ्याचदा तिथूनच उठते आणि उतरायचा जिना तोच असतो. आणि गल्लीतल्या गाड्यांचं मंडळाच्या मीटिंगमध्ये काढा, एक बाजू तरी मोकळी ठेवा.

प्रश्न : झाडावर मांज्यात घार अडकली तर १०१ ला फोन करावा का, की ते चिडतात? (वाचक, मुलुंड)

खुशाल करा. संक्रांतीच्या दिवसांत अशा वर्दी खूप येतात, शिवाय पडलेलं झाड, रस्त्यावर सांडलेलं ऑइल, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, पावसाळ्यात कोसळलेलं घर, हे सगळं ब्रिगेडचंच काम आहे. फक्त त्याच वेळी मोठी आग लागलेली असली तर जरा थांबावं लागेल.

प्रश्न : रात्री किचनमध्ये गॅसचा वास आला तर पहिलं काय करायचं? (गृहिणी, डोंबिवली)

लाइट लावू नका, लागलेला असेल तर बंदही करू नका, स्विचच्या ठिणगीनेच भडका होतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर गेल्यावरच करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो, म्हणून नुसता वरचा एक्झॉस्ट असून भागत नाही, आणि तो त्या वेळी चालू तर अजिबात करायचा नाही. गॅस गळतीसाठी १९०६ नंबर आहे, आग असेल तर १०१. फोनवर पत्ता, जवळची खूण, मजला आणि कोणी अडकलंय का ते सांगा, समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका, आणि एकाला नाक्यावर उभं करा म्हणजे बंबाला शोधाशोध नको.

प्रश्न : सप्ताह १४ एप्रिललाच का? (विद्यार्थी, उरण)

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. त्यात साधारण १४०० टन दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी पण! दुपारपासून जवान पाणी मारत होते, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि थोड्या वेळाने दुसरा, त्याहून मोठा. फायर ब्रिगेडचे ६६ जण त्यात गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी तिथे मानवंदना असते. तुमच्या कॉलेजचा ग्रुप घेऊन रीतसर परवानगी मागून जाऊन या.

प्रश्न : मला फायर ब्रिगेडमध्ये जायचंय, घरचे म्हणतात मुलींचं काम नाही. (वाचक, कराड)

अगं, घरच्यांना सांग की आपल्या नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्येच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला, आणि मुंबईत आज मुली बंबावर ड्युटी करतात. काम कष्टाचं आहे हे खरं. २०२३ च्या मुंबईच्या भरतीत मुलींना १६२ सेंटिमीटर उंची लागत होती, म्हणून आधी नीट मोजून घे, कारण उंचीवर बऱ्याच मुली बाहेर गेल्या आणि खूप रडारड झाली. धावणं होतं, १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या चादरीत, उडी होती. उंचीची भीती असेल तर आत्तापासून घालव, रोज धाव, पोहायला शीक. आणि भरतीची जाहिरात महापालिकेच्या वेबसाइटवरच बघ, सिलेक्शन करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस.