शिकोकूची ८८ मंदिरे: पायी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६३ आहे. मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत चाललो आहे आणि चैत्रात सप्तशृंगगडाची पदयात्रा सहसा चुकत नाही. जपानमधील शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या पदयात्रेविषयी वाचल्यापासून तेथे जावेसे वाटते. आपल्या वारीचा अनुभव तेथे पुरेल काय?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर: पायांपुरता तो अनुभव निश्चित पुरेल, मनाची आणि पाठीची तयारी मात्र वेगळी करावी लागेल. वारीत आपण दिंडीच्या आधाराने चालतो. सामान ट्रकमध्ये असते, जेवणाची आणि मुक्कामाची चिंता दिंडीप्रमुख वाहतो आणि मुखात अभंग असले की ऊनही फारसे जाणवत नाही. शिकोकूत यातले काहीच नाही. तेथे यात्रेकरू बहुधा एकटा चालतो, सामान स्वतःच्या पाठीवर वाहतो आणि उद्याचा मुक्काम आज स्वतः ठरवतो.

म्हणून माझ्या मते या यात्रेचे खरे साम्य वारीशी नसून नर्मदा परिक्रमेशी आहे. शहादा, प्रकाशा, तळोदा या भागातून जाणारे परिक्रमावासी आपण पाहिलेच असतील. शिकोकूतही एखाद्या क्षेत्री जाऊन पोहोचायचे नसते, तर संपूर्ण बेटाला प्रदक्षिणा घालायची असते. हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर भरते आणि पायी चालणाऱ्यास साधारण ४० ते ६० दिवस लागतात. ज्यांच्या स्मरणार्थ ही प्रदक्षिणा घालतात ते कूकाइ (७७४ ते ८३५), म्हणजेच कोबो दाइशी, शिंगोन या मंत्रमार्गी बौद्ध पंथाचे जपानमधील संस्थापक होते आणि त्यांचा जन्म याच बेटावरचा. प्रत्येक यात्रेकरूसोबत ते स्वतः चालतात, अशी तेथील श्रद्धा आहे. यात्रेकरूच्या हातातील काठी हे त्यांचेच रूप मानले जाते. त्यामुळे मुक्कामी पोहोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचे टोक धुतात आणि पुलावरून जाताना काठी टेकवत नाहीत, कारण कोबो दाइशींनी एकदा पुलाखाली रात्र काढली होती आणि आजही ते एखाद्या पुलाखाली निजलेले असू शकतील, अशी समजूत आहे.

परिक्रमावासीयाला गावोगावी शिधा आणि चहा मिळतो, तशीच शिकोकूत ‘ओसेत्ताइ’ ही प्रथा आहे. रस्त्यावरची वृद्ध स्त्री दोन संत्री हातावर ठेवते, दुकानदार चहा देतो, क्वचित कोणी पैसेही देतो. हे दान संकोचाने नाकारू नये. आपल्यासारख्या शिक्षकी पेशातील माणसाला, ज्याने आयुष्यभर दिलेलेच आहे, घेणे जड जाते हे मी जाणतो. पण देणारा ते आपल्यामार्फत कोबो दाइशींना देत असतो आणि नकार त्या दोघांनाही पोहोचतो. घेतल्यावर आपले नाव लिहिलेली कागदी पट्टी, म्हणजे ‘ओसामेफुदा’, परत द्यावी, एवढीच रीत आहे.

आता कठीण भागाविषयी. पहिली दहा मंदिरे तोकुशिमाजवळच्या सपाट भागात असल्याने यात्रा सोपी वाटू लागते आणि तेवढ्यात ११ व्या फुजिइदेरापासून १२ व्या शोसान्जीपर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरचा डोंगरी टप्पा समोर येतो. चढ-उतारांच्या या वाटेला बहुतेकांना सहा ते आठ तास लागतात. पुढे २३ व्या मंदिरापासून मुरोतो भूशिरावरच्या २४ व्या मंदिरापर्यंत पॅसिफिक महासागराच्या कडेने सुमारे ७५ किलोमीटर चालावे लागते. या दोन-तीन दिवसांत ८८ पैकी एकही मंदिर लागत नाही आणि बराचसा रस्ता डांबरी आहे. पाय डोंगराने नव्हे, तर डांबराने दुखतात, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाठीवरचे ओझे सहा-सात किलोंच्या आत ठेवावे आणि निघण्यापूर्वी तेवढे वजन घेऊन महिनाभर रोज चालावे.

वाटेतील कित्येक गावांत आपल्याला तरुण माणूस दिसणार नाही. सातपुड्यातले पाडे ऊसतोडणीच्या हंगामात ओस पडतात, पण माणसे परततात. शिकोकूच्या डोंगरांतली अनेक घरे कायमची बंद झाली आहेत. इया खोऱ्यातल्या नागोरो गावात तर गेलेल्या माणसांच्या जागी कापडी बाहुल्या बसवल्या असून त्यांची संख्या रहिवाशांहून कितीतरी अधिक आहे. अशा प्रदेशात पायी येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत का होते, हे तेथे गेल्यावर उमजते.

माझा आग्रहाचा सल्ला असा की, पहिल्या खेपेस पूर्ण प्रदक्षिणेचा हट्ट धरू नये. एका वेळी एकाच प्रांताची यात्रा करणे तेथे पूर्वापार मान्य आहे. तोकुशिमा प्रांतातील १ ते २३ ही मंदिरे आठ-दहा दिवसांत होतात. ओसाकाहून बसने तोकुशिमा आणि तेथून रेल्वेने बान्दो स्थानक गाठले की पहिले मंदिर, र्योझेन्जी, चालत थोड्याच अंतरावर आहे.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी आहे आणि एकटीने जाण्याचा विचार करते आहे. जेवणाचे आणि सुरक्षिततेचे कसे?
(एक वाचक, शहादा)

उत्तर: जेवणाचा प्रश्न दोहोंत अधिक अवघड आहे. मांस किंवा मासा समोर दिसत नसला तरी सूप, शिजवलेली भाजी, नूडल्स यांत सुकवलेल्या माशांचा अर्क असतो. कागावा प्रांतातील प्रसिद्ध उदोन नूडल्सचा रस्साही लहान सुक्या माशांपासून करतात. मांस, मासे आणि माशांचा अर्क चालत नाही, असे जपानी भाषेत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवावा आणि मुक्काम आरक्षित करतानाच हे कळवावे. संध्याकाळी सहाला ताट मांडल्यावर सांगितल्यास यजमान खरोखर अडचणीत येतात. भात, तोफू, भाजलेली रताळी, फळे आणि घरून नेलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी यांवर दिवस निभावतात. कोयासान या कूकाइंनी स्थापलेल्या डोंगरावरच्या मठनगरीतील मठांत मात्र कांदा-लसूणही न घालता केलेले ‘शोजिन’ जेवण मिळते. ते अतिशय सुंदर असते. पण शिकोकूतील प्रत्येक मंदिर-निवासात तसेच मिळेल, असे समजू नये.

एकट्या स्त्रिया या वाटेवर नेहमी चालतात. भीती माणसांपेक्षा अरुंद बोगद्यांतील वाहनांची आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम न गाठण्याची अधिक आहे. बोगद्यांसाठी चमकणारा पट्टा अंगावर असावा. मला येथे ताकामुरे इत्सुए यांची आठवण करून द्यावीशी वाटते. पुढे स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासक म्हणून ख्यात झालेल्या या लेखिकेने १९१८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, शिकोकूची प्रदक्षिणा केली आणि वाटेवरून वर्तमानपत्राला लेख पाठवले.

प्रश्न: आम्ही बौद्ध नाही. तेथील मंदिरांत पूजाविधी करणे योग्य ठरेल काय?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर: निःसंशय. तेथे कोणी धर्म विचारत नाही, आदर तेवढा अपेक्षित असतो. महाद्वारापाशी नमस्कार करावा, हात धुवावेत, परवानगी असल्यास घंटा वाजवावी (बाहेर पडताना ती वाजवणे अशुभ मानतात), मुख्य मंदिरात मेणबत्ती आणि उदबत्ती लावून आपल्या नावाची पट्टी व नाणे अर्पण करावे आणि नंतर कोबो दाइशींच्या मंदिरात हेच पुन्हा करावे. दोन्ही ठिकाणी यात्रेकरू प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणतात. त्याच्या आरंभीच अवलोकितेश्वर येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीतील पद्मपाणी हा तोच, त्यामुळे जळगाव-भुसावळच्या माणसाने तेथे स्वतःला परके समजण्याचे कारण नाही. शिंगोन मंदिरांत होमही होतो आणि देवतांची बीजाक्षरे सिद्धम् या भारतीय लिपीत लिहिलेली दिसतात. दर्शनानंतर वहीत मंदिराची मुद्रा आणि हस्ताक्षर घेतात. त्याचे शुल्क २०२४ पासून ५०० येन झाले आहे आणि कचेरी संध्याकाळी पाचला बंद होते, म्हणून दिवसाचे शेवटचे मंदिर साडेचारपर्यंत गाठावे.

प्रश्न: मला एकूण आठवड्याचीच रजा मिळेल. एवढ्या वेळात काय करता येईल?
(एक वाचक, धुळे)

उत्तर: बहुतेक लोक अशा वेळी कुमानो या तीर्थक्षेत्राकडे जाणारी नाकाहेचि ही जुनी यात्रावाट सुचवतात. ताकिजिरी ते होंगू या सुमारे ४० किलोमीटरच्या अंतराला दोन-तीन दिवस पुरतात आणि वाट देखणी आहे. तरीही मी आपल्याला कोयासानची जुनी वाट सुचवीन. कूकाइंनी ८१६ मध्ये स्थापलेल्या या मठनगरीकडे पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरापासून सुमारे २० किलोमीटरचा चढ जातो आणि दर १०९ मीटरवर एक, असे १८० शिलास्तंभ वाट दाखवतात. कूकाइंच्या आई या पायथ्याच्या मंदिरातच राहत, कारण डोंगरावर स्त्रियांना प्रवेश नव्हता. ती बंदी सरकारने १८७२ मध्ये उठवली. पहाटे निघाल्यास संध्याकाळी मठात मुक्काम करता येतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावे. कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने नोव्हेंबरच्या रात्री तेथे आपल्याकडील पौषातल्या थंडीहून बोचऱ्या असतात, तेव्हा लोकरीचे कपडे सोबत घ्यावेत.